ट्रॉलीला काय होतंय?



या ग्रुपवर आपण आठवणी लिहितो. कुणी तापी लाईनच्या पॅसेंजरमधली गर्दी लिहितं, कुणी लिंबायतमधली पहिली पत्र्याची खोली, कुणी कानबाईचे रोट. मी सगळं वाचतो, आवडतंही. पण आज मी भांडायला आलोय. भांडण आपल्याच माणसांशी आहे, आणि विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे यात्रेच्या ट्रॉलीची टायरं.

हसून झालं असेल तर पुढं वाचा.

चैत्र आला की उधना, नवागाम-डिंडोली, पांडेसरा, गोडादरा इकडून आपली माणसं पायी सप्तशृंगी गडाला निघतात. पुढं झेंडा, मध्ये चालणारे, आणि मागं ट्रॅक्टर नि ट्रॉली. ट्रॉलीत देवीचा फोटो, जनरेटर, साउंडचे बॉक्स, पाण्याची टाकी, पिठाची पोती, अंथरुणं. उनाई-वांसद्यापर्यंत एवढंच असतं. वघई मागं पडली, सापुताऱ्याचा घाट लागला, की पायाला फोड आलेल्या बायका, दमलेली पोरं आणि गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसंही त्याच ट्रॉलीत चढतात. म्हणजे आपल्यातली सगळ्यात अशक्त माणसं आपण कशावर बसवतो, तर सगळ्यात जुन्या टायरांवर.

कारण आपल्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलंय. मीटिंगमध्ये टायरांचा विषय काढला की कुणीतरी ते बोलणारच: "आप्पा, ट्रॉलीले काय व्हस? जुनंच चालस!"

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. ते खोटं आहे. का खोटं आहे ते सांगतो.

मी कोण हे सांगायला हवं, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा. रिंग रोडच्या कापड मार्केटचे गठ्ठे बाहेरगावी नेणाऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी एकतीस वर्षं टायरखात्यात होतो. प्रत्येक टायरचा नंबर वहीत, कधी चढवलं, कुठल्या चाकाला, कधी काढलं, रिमोल्ड कितीदा झालं, सगळं माझ्या अक्षरात. ट्रकच्या टायरचं आयुष्य ठरलेलं असतं. नवं असतं तेव्हा पुढं, कारण स्टिअरिंग तिथं. थोडं झिजलं की मागं. मग रिमोल्ड करून पुन्हा मागं. आणि सांगाडाच थकला, बाजूला तडे गेले, तार दिसू लागली, की बाद. बाद टायरवर मी खडूनं मोठी फुली मारायचो आणि भिंतीला लावायचो.

ती भिंत आठवड्यात रिकामी व्हायची. भंगारवाला थोडी न्यायचा. बाकीची कुणाच्या बैलगाडीला, कुणाच्या उसाच्या ट्रॉलीला, कुणाच्या विटांच्या ट्रॉलीला. फुली ओल्या फडक्यानं पुसली की झालं. ट्रकच्या मालकानं पंधरा टन साड्यांच्या गठ्ठ्यांसाठी नको म्हटलेलं टायर पंचवीस माणसांसाठी चालतं, असा हा हिशेब. कापड भिजलं तर विमा मिळतो, माणसाचं काय?

आता "काय व्हस" त्याचं उत्तर.

लोकांना वाटतं, ट्रॉलीला इंजिन नाही, ती स्वतः काही करत नाही, नुसती मागून येते, मग तिच्या टायरला ताण कसला? अहो, टायर इंजिनासाठी नसतं. टायर वजनासाठी असतं. जरा हिशेब करा. रिकामी ट्रॉली साधारण दोन टन धरा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, यात वाद नाही, पाणी आहे. पंचवीस माणसं, सरासरी साठ किलो, दीड टन झाला. जनरेटर, बॉक्स, पीठ, भांडी, अंथरुणं मिळून अर्धा टन. झाले पाच टन. चार चाकं, म्हणजे सपाट रस्त्यावर एका चाकावर साडेबाराशे किलो. घाटाच्या वळणावर वजन एका बाजूला जातं, त्यात टाकीतलं पाणी हिंदकळतं, मग बाहेरच्या चाकावर किती येत असेल ते तुम्हीच बघा.

टायरच्या अंगावर हा आकडा लिहिलेला असतो, कुणी वाचत नाही. साइजच्या पुढं एक नंबर आणि एक अक्षर असतं. नंबर वजनाचा. १२१ लिहिलं असेल तर १,४५० किलो. अक्षर वेगाचं. एफ म्हणजे ताशी ८० किलोमीटर, आणि शेतीच्या ट्रॉलीच्या टायरांवर बऱ्याचदा ए-८ असतं, म्हणजे ४०. चाळीस! आणि हल्ली आपली पोरं ट्रॅक्टर सावकाश चालतो म्हणून पिकअपच्या मागं ट्रॉली जोडतात आणि बारडोलीपर्यंत हायवेवर साठ-सत्तरनं नेतात. वर हे १,४५० किलो कधी, तर टायर चांगलं असेल, हवा पूर्ण असेल आणि वेग त्या अक्षराच्या आत असेल तेव्हा. बाद टायरला हा आकडा लागू होतो असं कोण म्हणतं?

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ट्रकचं टायर पळून पळून झिजतं. ट्रॉलीचं टायर उभं राहून मरतं. यात्रा आणि गणपती सोडले तर मंडळाची ट्रॉली वर्षातले दहा महिने मोकळ्या प्लॉटवर उन्हात उभी असते, तीही एकाच जागी, तेच चार ठिकाणचं रबर खाली दाबलेलं. नक्षी शाबूत राहते, म्हणून वरून टायर नवं दिसतं. पण रबर उन्हानं आणि हवेनं कडक होतं, बाजूच्या भिंतीला केसासारखे तडे पडतात, आतल्या नायलॉनच्या थरांची पकड सुटते. आणि आपण नख लावून नक्षी बघतो नि म्हणतो, "अजून दोन यात्रा निघतील."

नक्षीचा कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९४ वा नियम, खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, दुचाकी-तीनचाकीला ०.८. खाचेच्या तळाशी छोटी उंची ठेवलेली असते, नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपलं. ठीक आहे. पण नुसत्या नक्षीवर जाऊ नका. इंग्लंडमधली एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलकडं परतणाऱ्या बसचं पुढचं टायर फुटलं, बस झाडावर गेली, चालकासकट तीन जण गेले. तपासात काय निघालं? टायर एकोणीस वर्षांचं. बसपेक्षा जुनं. नक्षी मात्र कायद्यात बसणारी. मेलेल्या एका पोराच्या आईनं त्यानंतर सरकारच्या मागं लागून लागून पिच्छा पुरवला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथं ट्रक-बसच्या पुढच्या कण्यावर दहा वर्षांवरचं टायर बंद झालं. त्या बाईला कुणी "टायरला काय होतंय" म्हणून दाखवावं. अमेरिकेत गाडीमागं घरासारखी ट्रॉली ओढत फिरणारे लोक आहेत, त्यांच्याकडंही हेच रडगाणं. नक्षी नवी, वय झालेलं, आणि टायर भर रस्त्यात सोलून निघतं. म्हणजे खोड फक्त आपल्यात आहे असं नाही.

वय कसं ओळखायचं? टायरच्या भिंतीवर डीओटी अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. बस्स. याला मेकॅनिक लागत नाही, चष्मा लागतो. आकडे बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला वाकून बघा. आणि नुसते तीनच आकडे दिसले तर ते टायर २००० सालाच्या आधीचं आहे, ते तुमच्या लग्नातलं असू शकतं.

आता घडलेलं सांगतो. कुठलं मंडळ, कोण अध्यक्ष, हे लिहिणार नाही, त्यातले काही जण आता नाहीत आणि काही जण हे वाचतायत.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळानं जुनी ट्रॉली विकत घेतली होती. एका ट्रकवाल्या भक्तानं तिला चार टायरं "सेवा" म्हणून दिली. बॅनरवर त्याचं नाव, फोटोसकट. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बघायला गेलो, सवयच ती. डाव्या बाजूच्या मागच्या टायरला भिंतीवर बोटभर फुगा आलेला. फुगा म्हणजे आतला धागा तुटलाय, फक्त वरचं रबर हवा धरून आहे. मी सांगितलं, हे काढा. उत्तर तेच, जे वर लिहिलंय. शिवाय, "भाऊंनी श्रद्धेनं दिलंय, आता काढलं तर त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, त्यांना वाटू द्या. नाही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, वघईच्या पुढं, चढणीवर ते फुटलं. ट्रॉली डावीकडं बसली, मागचा भाग झोकांडला. दरीत गेली नाही, रस्त्याकडेच्या मातीत रुतली. पण टाकीचा दोर तुटला आणि अर्धी भरलेली टाकी सरकत आली. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी फोड आले म्हणून तासाभरापूर्वीच वर बसल्या होत्या. त्यांची मांडी टाकी आणि फाळक्याच्या मध्ये आली.

मांडीचं हाड. सळई घातली. मावशी घरी साड्यांना टिकल्या लावायचं नि धागे कापायचं काम करायच्या. गठ्ठा यायचा, जमिनीवर मांडी घालून रात्री बारापर्यंत. सुरतमधल्या आपल्या किती घरांची फी, किती घरांचं भाडं त्या कामातून निघालंय हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना त्यानंतर मांडी घालून बसता आलं नाही. खुर्चीवर बसून ते काम होत नाही, साडी खाली लोळते, डाग लागतो, मग व्यापारी पैसे कापतो. थोरल्या मुलीनं अकरावी सोडून गठ्ठे हातात घेतले. मंडळानं काय केलं? नारळ, साडी, आणि एक पाकीट. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "देवीनं वाचवलं, नाहीतर दरीतच होतो."

मला या वाक्याचा राग येतो. देवीवर माझी श्रद्धा तुमच्याइतकीच आहे, गडाच्या पायऱ्या मी गुडघे दुखत असताना चढलोय. पण फुगा आलेलं टायर देवीनं बसवलं नव्हतं. ते चार नटांनी माणसानं बसवलं होतं. वाचलो तर देवीमुळं आणि मोडलो तर नशिबामुळं, मग समितीकडं काय उरलं, हारतुरे?

"टायर फुटलं" हे वाक्यच आपण वीज पडली तसं म्हणतो. जणू वरून आलं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, पंचवीस माणसं गेली. पहिल्यांदा काय सांगितलं गेलं? टायर फुटलं. नंतर परिवहन खात्याच्या अहवालात टायर फुटल्याची खूण सापडली नाही असं आलं. टायर फुटलं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, म्हणून ते आधी तोंडात येतं. आणि जिथं खरोखर फुटतं तिथंही ते आपोआप फुटत नाही. हवा कमी असते, वजन जास्त असतं, वय झालेलं असतं, किंवा फुगा आलेला कुणीतरी आदल्या संध्याकाळी दाखवलेला असतो.

हवेचंही एक भूत आहे ते इथंच उतरवतो. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, गरम होऊन फुटतं." चैत्रात निघताना ड्रायव्हर मुद्दाम हवा सोडतो आणि आपण त्याला हुशार समजतो. उलटं आहे हो. हवा कमी झाली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून बघा, बोटाला चटका बसतो. तसंच रबर आतून तापतं आणि थर सुटतात. उन्हानं वाढणारा हवेचा दाब टायर बनवणाऱ्यानं धरलेला असतो, तुमच्या वाकण्याची उष्णता नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, मीटर लावून भरायची. हातोडी मारून आवाज ऐकायचा प्रकार मीही करायचो, पण त्यानं फक्त पंक्चर कळतं, दाब कळत नाही.

आणि ट्रॉलीच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण पुढं बसलेल्याला मागचं काही कळत नाही. मोटारीचं टायर बसलं की स्टिअरिंग ओढतं, आवाज बदलतो. ट्रॅक्टरवर इंजिनाचा धडधडाट, वर डीजे. ट्रॉलीचं टायर अर्ध्या हवेवर दहा किलोमीटर गेलं तरी ड्रायव्हरला पत्ता नसतो. मागून येणारा मोटरसायकलवाला हात करतो तेव्हा कळतं, आणि आपण त्याला वाटतं जय माता दी म्हणतोय, म्हणून आपणही हात करतो.

बरं, आता पैशाचं. "आप्पा, आपण गरीब माणसं, नवी टायरं कुठून आणायची?"

हे ऐकून तर मी गप्पच बसत नाही. मी मंडळाच्या वह्या बघितल्यात. साउंड, लाइटिंग, रथाची फुलं, टी-शर्ट, प्रत्येक टी-शर्टवर मागं दहा नावं. टायरांचा रकाना कुठं आहे दाखवा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात ट्रॉलीची एक जोडी येते, दुकानात जाऊन विचारून बघा. पैसे नाहीत असं नाही, टायरावर नाव लिहिता येत नाही ही अडचण आहे. आणि वर्गणी कुणाची? लूम खात्यावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्याची एक्कावन्न, टिकल्या लावणारीची एकवीस. ती वर्गणी देणारीच पुढं ट्रॉलीत बसते.

जुनं टायर दान करणाऱ्यांनाही सांगतो, वाईट वाटलं तर वाटू द्या. जे तुम्ही स्वतःच्या गाडीला लावणार नाही ते देवीच्या गाडीला देऊ नका. शिळा प्रसाद कुणी चढवतं का?

माझ्या आजोबांच्या वेळी बैलगाड्या होत्या. शिंदखेड्याकडचं आमचं गाव, मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला गाडी निघायची. निघायच्या आधी आठ-दहा दिवस चाकं तपासली जायची. आरे ढिले वाटले की चाक पाण्यात टाकून लाकूड फुगवायचं. लोखंडी धाव सैल झाली असेल तर लोहाराकडं न्यायची, तो ती लालभडक तापवून चाकावर बसवायचा आणि पाणी ओतायचा, चर्रर्र आवाज होऊन धाव आवळायची. मग वंगण. आम्ही पोरं ते बघायला गर्दी करायचो. यात्रेची तयारी म्हणजे आधी चाक, मग शिदोरी. पुढं बैलगाडीला रबरी टायरं आली, लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले, गाडी हलकी झाली, बैलाचा जीव वाचला. पण धाव सैल झाली की खडखडायची, ऐकू यायची. रबर मरताना आवाज करत नाही, त्यामुळं चाकाकडं बघायची सवयच सुटली.

आता जे म्हणतील ठीक आहे, बदलू, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. इथंही गाढवपणा होतो, तो बघितलाय.

एक, "चांगलं" म्हणजे "मोठं" नाही. ९.००-१६ च्या जागी ९.००-२० बसवून ट्रॉली उंच करणारे महाभाग आहेत. रिम बदलावी लागते ते सोडा, ट्रॉली उंच झाली की हुकाची पातळी बिघडते, बोजा वर जातो आणि वळणावर उलटायला सोपी होते. साइज तीच ठेवा, वजनाचा आकडा आणि प्लाय रेटिंग वरचं घ्या. जास्त प्लायचं टायर घेतलं तर त्याला हवाही जास्त लागते, आणि ती झेलायला रिम धड हवी. गंजून पातळ झालेल्या रिमवर सोळा प्लायचं टायर चढवून पूर्ण हवा मारणं हे स्वतःच एक संकट आहे. हवा भरताना समोर वाकून उभं राहू नका, बाजूला राहा, पोरांना लांब ठेवा.

एका कण्यावर दोन्ही टायरं एकाच जातीची, जवळपास एकाच वयाची. एक नवं आणि एक रिमोल्ड, किंवा एक रेडियल आणि एक नायलॉन, असं लावलं की ट्रॉली एका अंगानं ओढते आणि सगळं वजन कडक टायर खातं. पैसे दोनाचेच असतील तर एका कण्याची जोडी बदला, इकडचं एक तिकडचं एक असं नको.

रिमोल्डला मी शिव्या देत नाही, हे नीट ऐका. विमानांची टायरंसुद्धा रिमोल्ड करून वापरतात. सांगाडा चांगला असेल आणि काम धड कारखान्यात झालं असेल तर रिमोल्ड चालतं, मी आयुष्यभर चालवलंय. पण मेलेल्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवली तर ते मढ्याला पावडर लावणं झालं.

ट्रॉली भाड्यानं घेणाऱ्या मंडळांचं म्हणणं असतं, "टायर मालकाचं, आम्ही काय करणार?" तुम्ही बयाणा देणार. बयाणा द्यायच्या आधी चार आकडे वाचा, भिंतीवर हात फिरवा, स्टेपनी मागा. ट्रॉलीच्या मापाची स्टेपनी, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची नव्हे. दुसरा मालक शोधायला कितीसा वेळ लागतो? बॅनरचा रंग ठरवायला तुम्ही तीन मीटिंगा घेता. गणपतीलाही हेच, डुमस-हजिऱ्याकडं किंवा कृत्रिम तलावाकडं निघालेली ट्रॉली बैलाच्या चालीनं चालते म्हणून निभावतं. तीच ट्रॉली रात्री रिकामी होऊन, मागं पंधरा पोरं उभी, परत येते तेव्हा कुठल्या वेगानं येते ते बघा.

आणि मुळातलं. ट्रॉलीत माणसं बसवायचीच नसतात. ती मालाची गाडी आहे, कायद्यानंही माणसं बसवायला बंदीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कासगंजजवळ गंगास्नानाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात गेली, वीसहून जास्त माणसं गेली, त्यात बायका-पोरंच जास्त. तिथं टायरचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण ट्रॉलीत धरायला काही नसतं, पट्टा नसतो, छप्पर नसतं, ती उलटली की माणसं पोत्यांसारखी खाली जातात. थकलेल्यांसाठी घाटाच्या दोन दिवसांपुरती एक ईको किंवा छोटी बस भाड्यानं ठेवा. मंडळं म्हणतात, पुन्हा खर्च. मी म्हणतो, टी-शर्ट.

मला माहीत आहे, तरीही बसवणार. कुणाची आई चक्कर येऊन खाली बसली की तिला ट्रॉलीत घेऊ नका असं मीही त्या क्षणी म्हणू शकणार नाही. म्हणून तर टायरासाठी भांडतोय. नियम मोडला जाईल तेव्हा खाली निदान धड रबर असावं.

मावशी आता मुलीकडं असतात, काठी घेऊन चालतात. त्या मुलीनं पुढं बारावी बाहेरून केली, एवढं लिहायला तिनं हो म्हटलंय. ती यंदा मंडळाच्या समितीत आहे, पहिलीच बाई. मागच्या मीटिंगमध्ये तिनं विचारलं, ट्रॉलीचं टायर कुठल्या सालचं? कुणालाच माहीत नव्हतं. बॅटरी घेऊन सगळे बाहेर गेले, वाकून वाकून बघितलं. दोन टायरं २००९ ची, एक २०१४ चं, आणि चौथ्यावरचे आकडे घासून गेलेले. त्यातल्या एकावर बोटानं धूळ पुसली तर खाली पांढरट फुलीची खूण होती. माझ्या खात्यातली म्हणत नाही मी, खडू सगळीकडंच मिळतो.

पुढच्या रविवारी सकाळी आठपासून दहापर्यंत मी नवागामच्या मोकळ्या प्लॉटवर असेन. हवेचं मीटर, खाचेची पट्टी आणि खडू माझ्याकडचा. ज्या मंडळाला ट्रॉली दाखवायची असेल त्यांनी आणावी, भाड्याची असेल तर मालकालाही सोबत घ्यावं, म्हणजे तिथंच बोलणं होईल. फी नाही, चहा तुमचा. जॅक मात्र आपापला आणा, माझ्याकडं एकच आहे.